उचल (ग्रामीण विदर्भ)

उचल म्हणजे पुढे करायच्या कामावर मजुराने आधीच घेतलेली रक्कम. सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी) ती मालकाकडून घेतो, ऊसतोडीला जाणारी जोडपी टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून, वीटभट्टीचे मजूर ठेकेदाराकडून. यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याच्या बंजारा तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कोयते (ऊसतोडीची जोडपी) निघतात. मेळघाटातले कोरकू आदिवासी कामासाठी डोंगर उतरतात आणि होळीला गावी परततात. गडचिरोली-चंद्रपूरचे मजूर उन्हाळ्याच्या तोंडावर मिरचीतोडीला तेलंगण गाठतात. खरीप आटोपला की कोरडवाहू गावात हाताला काम राहत नाही, हे यामागचे मुख्य कारण.

उचल घेणे हा गुन्हा नाही. दवाखाना किंवा मुलीचे लग्न निघाले की भूमिहीनाला दुसरे कोण पैसे देणार? ती वेठबिगारी कधी होते ते मजुरीच्या दरावरून कळते. समजा, जोडप्याने ५०,००० रुपये उचलले. दोघांना मिळून रोज ८०० रुपये पडले तर ६३ दिवसांत फेड होते. मुकादमाने ४०० धरले तर तेच कर्ज १२५ दिवस चालते. आठवड्याची खर्ची, खाडे आणि आजारपण त्यातच चढत जाते. हंगाम संपतो, बाकी पुढच्या सालावर जाते. हिशेबाची वही मुकादमाकडेच असते.

कायद्याने हा धागा नेमका पकडला आहे. राज्यघटनेचे कलम २३ माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई करते. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी मजुरी ही ‘नाममात्र मजुरी’ ठरते, आणि कर्जापोटी अशा मजुरीवर राबवणे ही वेठबिगारी. कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर असतो. एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात (१९८२) सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करवणे हेच सक्तीचे श्रम मानले. फसवून नेलेल्या मजुराची संमती मानवी तस्करीच्या गुन्ह्यात बचाव ठरत नाही.

किमान वेतन वाढवले की रोजगार घटतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांना वेतनवाढीनंतर अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या फास्ट-फूड हॉटेलांत तशी घट दिसली नाही (१९९४). मजूर घेणारे मोजकेच असतील तर ते दर दाबून ठेवतात, आणि अशा ठिकाणी वेतन वाढूनही काम टिकू शकते. एकाच मुकादमावर अवलंबून असलेला तांडा याच स्थितीत असतो. आक्षेपात तथ्यही आहे: सोयाबीनच्या सोंगणीत हार्वेस्टर शिरले आहेत, आणि कापसाला भाव नसेल तर पाच एकरवाला वेचणीची मजुरी वाढवणार कुठून? तो स्वतःच कर्जात असतो. त्याच्यावरचा बोजा आणि मुकादमाची लूट एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. गावातच रोजगार हमीचे काम वेळेवर निघाले, तर मात्र उचल घ्यायची गरजच कमी होते. महाराष्ट्राने हा हक्क १९७७ मध्येच कायद्यात आणला.

अंमलबजावणी वहीपाशीच अडते. तक्रार आली की पोलिस ठाण्यात ‘देण्याघेण्याचा वाद’ म्हणून बोळवण होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीपर्यंत प्रकरण पोचत नाही. वेठीतून सुटल्याचे मुक्तता प्रमाणपत्र कामाच्या जिल्ह्यात निघते, मजुराचे घर मात्र विदर्भात. २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुनर्वसनासाठी एक ते तीन लाख रुपये आहेत. पण पूर्ण रक्कम आरोपीच्या शिक्षेशी जोडल्यामुळे खटला रेंगाळला की मजूर पुन्हा त्याच मुकादमाकडे उचल मागायला जातो.