दृश्य आधी की गोष्ट आधी : मानसशास्त्रीय थरारपटांतील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मानसशास्त्रीय थरारपट पाहून पुण्यातल्या चित्रपटगृहाबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांत एक शेरा हमखास ऐकू येतो : चित्रपट दिसायला देखणा आहे, पण गोष्टीत दम नाही. हा शेरा चित्रपटाची दृश्यशैली आणि कथा या दोन गोष्टी वेगळ्या मोजता येतात, असे गृहीत धरतो. या चित्रप्रकाराचा इतिहास पाहिला तर ते गृहीतक सुरुवातीपासूनच डळमळीत असल्याचे दिसते, कारण बिघडलेले किंवा घाबरलेले मन पडद्यावर कसे दिसावे, हाच येथे कथेचा मुख्य प्रश्न असतो.

त्याची सुरुवात बहुतेक अभ्यासक रॉबर्ट वीने यांच्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी’ या जर्मन मूकपटापासून करतात. तो फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. वाकड्या भिंती, तिरप्या खिडक्या आणि नेपथ्यावर चक्क रंगाने काढलेल्या सावल्या, हे सारे हेर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर रोरिग या नेपथ्यकारांचे काम होते. ही वाकडी दुनिया म्हणजे मनोरुग्णालयातल्या एका रुग्णाने सांगितलेली हकिकत आहे, असा खुलासा शेवटी येतो. हा खुलासा आपल्या मनाविरुद्ध जोडला गेला आणि सत्तेविरुद्धच्या कथेची धार त्यामुळे बोथट झाली, अशी लेखकांपैकी हान्स यानोविट्स यांची तक्रार होती. जर्मन चित्रपट-अभ्यासक सिगफ्रीड क्रॅकॉअर यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात तीच उचलून धरली. पुढे मूळ संहिता हाती आली तेव्हा तिच्यातही मूळ गोष्टीला बाहेरून वेढणारी एक वेगळी चौकटकथा आधीपासून असल्याचे आढळले. तपशिलाचा हा वाद बाजूला ठेवला तरी दृश्याने जे आधीच सांगून टाकले आहे त्याला कथेने कारण पुरवायचे, ही रीत येथेच पडली आणि ती आजतागायत टिकून आहे.

इंग्रज दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक १९२४ च्या सुमारास कामानिमित्त बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग येथील स्टुडिओत होते. मूकपटात मजकूर दाखवणारी पाटी जवळजवळ न वापरता केवळ दृश्यांतून गोष्ट सांगणाऱ्या जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांचे चित्रीकरण त्यांनी तेथे पाहिले. तो धडा ते आयुष्यभर विसरले नाहीत.

जर्मनीचा संबंध पुण्याशीही येतो. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली १९३३ मध्ये, आणि त्याच सुमारास व्ही. शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रक्रियेसाठी जर्मनीला जाऊन आले होते. पुण्याच्या स्टुडिओतला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ १९३४ मध्ये आला. त्याच्या हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांनी राजगुरूची भूमिका केली आणि त्यांच्या डोळ्याचे पडदाभर पसरलेले समीपदृश्य आजही चर्चेत असते. मला मात्र १९३७ चा ‘कुंकू’ अधिक महत्त्वाचा वाटतो. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट सामाजिक आहे, थरारपट नाही. तरीही त्यात पार्श्वसंगीत मुळीच नाही, घरातले आवाजच ते काम करतात, आणि तरुण मुलीशी लग्न करून बसलेल्या म्हाताऱ्या काकासाहेबांच्या मनातली लाज संवादापेक्षा फुटक्या आरशातल्या त्यांच्याच प्रतिबिंबांतून पोहोचते. काकासाहेब झालेल्या केशवराव दाते यांचा चेहरा त्या तुकड्यांत विखुरलेला पाहताना शैली कुठे संपली आणि कथा कुठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. मराठी समीक्षेने ‘कुंकू’ची आठवण त्याच्या विषयासाठी जितकी ठेवली तितकी या कारागिरीसाठी ठेवली नाही, याची खंत वाटते.

वादाला खरी धार आली १९५८ आणि १९६० या दोन वर्षांत. हिचकॉक यांचा १९५८ चा ‘व्हर्टिगो’ ज्या फ्रेंच कादंबरीवर आधारलेला आहे, तिच्यात रहस्य अगदी शेवटी उलगडते. त्यांनी ते प्रेक्षकाला बरेच आधी, नायकाला कळण्यापूर्वी, सांगून टाकले. रहस्यकथेच्या हिशेबाने हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. पण त्यानंतर प्रेक्षक काय घडले ते शोधत बसत नाही. हॉटेलच्या फलकाचा हिरवा प्रकाश अंगावर घेऊन, नायकाच्या हट्टाप्रमाणे नटून बाहेर येणारी नायिका पाहताना नायकाला काय दिसते आहे आणि आपल्याला काय ठाऊक आहे, यांतल्या अंतरानेच तो अस्वस्थ होतो. जिन्यावरून खाली पाहतानाचा प्रसिद्ध शॉटही याच जातीचा आहे : कॅमेरा एका दिशेने सरकतो, त्याच वेळी झूम उलट दिशेने जातो, जिना जागच्या जागी राहतो आणि त्याखालचे खोल अंतर मात्र ताणले जाते. त्यासाठी जिन्याची प्रतिकृती आडवी ठेवून चित्रीकरण करण्यात आले होते. प्रदर्शनाच्या वेळी अनेक समीक्षकांना कथा अशक्य कोटीतली वाटली. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या मतदानात हाच चित्रपट पहिला आला.

१९६० च्या ‘सायको’ने दृश्य की कथा या वादातल्या दोन्ही बाजूंना पुरावा दिला. स्नानगृहातल्या खुनाचा पाऊण मिनिटाचा प्रसंग टिपायला सात दिवस लागले, असे हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना सांगितले होते, आणि प्रेक्षक हलला तो विषयामुळे वा अभिनयामुळे नव्हे, तर शुद्ध चित्रपटामुळे, असा त्यांचा दावा होता. तरीही त्याच चित्रपटाच्या शेवटी मनोविकारतज्ज्ञ उभा राहून सगळा उलगडा करतो. माझ्या मते तो चित्रपटातला सर्वांत दुबळा भाग आहे. रोमान पोलान्स्की यांनी १९६५ च्या ‘रिपल्शन’मध्ये असा खुलासा टाळला, भिंतींना तडे जातात, त्यांतून हात बाहेर येतात, आणि शेवटी कॅमेरा एका कौटुंबिक छायाचित्रापाशी जाऊन थांबतो.

दरम्यान पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तेथे देशोदेशीचे चित्रपट जमवले, तर सतीश बहादूर यांनी चित्रपट दृश्यागणिक वाचायला शिकवले. कथा सांगून मोकळे होण्याऐवजी शॉट कसा लावला आहे ते विचारण्याची सवय या शहरातल्या काही पिढ्यांना तेथून लागली.

पुढचा बदल तंत्राचा आहे. डेव्हिड फिंचर यांच्या ‘सेव्हन’च्या (१९९५) काही प्रतींवर ब्लीच बायपास प्रक्रिया करण्यात आली. तिच्यात फिल्मवरची चांदी पूर्ण धुतली जात नाही, त्यामुळे काळा रंग अधिक गडद होतो. डारियस खोंडजी यांच्या छायाचित्रणात तो काळोख त्या शहराच्या सडण्याशी बांधलेला होता. डिजिटल रंगसंस्कार स्वस्त झाल्यावर तोच गडदपणा कोणत्याही गोष्टीवर चढवता येऊ लागला, आणि कोणाच्या मनाचा तो काळोख आहे हे न ठरवता अंधाऱ्या केलेल्या चित्रपटांची रांग लागली. प्रेक्षकांचा सुरुवातीचा शेरा या चित्रपटांना मात्र नेमका लागू पडतो. त्यांच्यात दृश्य जास्त झालेले नाही. ते पाहणारे मनच कोणी ठरवलेले नाही.

याच्या उलट उदाहरण पुण्यातच घडते. फिल्म इन्स्टिट्यूटमध्येच शिकलेले श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’मध्ये (२०१८) आंधळा असल्याचे भासवणारा पियानोवादक एका घरात वाजवत बसतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर प्रेताची विल्हेवाट लावली जाते. संवाद नाहीत. के. यू. मोहनन यांचा कॅमेरा आणि अखंड चाललेला पियानो एवढ्यावर प्रसंग उभा आहे. बोटे थांबली तर आपल्याला दिसते हे उघड होईल, एवढे एकच कथानक त्या मिनिटांत आहे, आणि ते कागदावर लिहून दाखवले तर दोन ओळींच्या पुढे जात नाही.