हल्लेखोर की एक जास्तीचा राउटर?

सोलापुरातील पतसंस्था, टॉवेल-चादरींचे निर्यातदार आणि रुग्णालये यांच्या कार्यालयांत सध्या नेटवर्क सुरक्षेच्या उपकरणांची माहितीपत्रके येऊ लागली आहेत. ‘एआय-आधारित सुरक्षा, ९९ टक्के अचूक’ हे शब्द त्यांत ठळक अक्षरांत असतात. विश्वासार्ह मशीन लर्निंग (उदाहरणांवरून संगणकाला शिकवण्याची पद्धत) आणि नेटवर्क सुरक्षा या विषयांत नुकतेच संशोधन करू लागलेल्या माझ्यासारख्याला त्या ९९ विषयी दोन प्रश्न पडतात : हा आकडा कशावर मोजला, आणि मॉडेलने, म्हणजे अशा शिकवलेल्या प्रणालीने, नेमके काय पाहून उत्तर दिले?

पहिल्या प्रश्नाचा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. एखाद्या कार्यालयात दिवसाला १० लाख जोडण्या होतात आणि त्यांतल्या १०० घातक असतात, असे धरू. उपकरण ९९ टक्के हल्ले पकडते आणि निर्दोष जोडण्यांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकीची सूचना देते, असेही मानू. मग ९९ हल्ले सापडतील, पण ९,९९,९०० निर्दोष जोडण्यांपैकी ९,९९९ जोडण्यांवरही सूचना येईल. म्हणजे १०० सूचनांमागे जेमतेम एक खरी. स्टेफान ॲक्सेलसन यांनी ही गोष्ट १९९९ सालीच दाखवून दिली होती. माहितीपत्रकांपर्यंत ती अजून पोचलेली दिसत नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात नव्या तपासनिसाला सदोष माल ओळखायला शिकवायचे आहे, आणि नमुन्यातले सगळे सदोष टॉवेल योगायोगाने लाल सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांतून आलेले आहेत, अशी कल्पना करा. तो वीण न पाहता सुतळी पाहू लागेल, त्याच गठ्ठ्यांवर घेतलेल्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवील आणि प्रत्यक्ष कामावर पहिल्याच दिवशी उघडा पडेल. मशीन लर्निंगच्या मॉडेलकडून हेच घडते, कारण त्याला हल्ला म्हणजे काय हे कोणी सांगितलेले नसते. दोन ढीग वेगळे करणारी सर्वांत सोपी खूण शोधणे एवढेच त्याचे काम असते.

नेटवर्कमधली अशी खूण कशी असते, ते नीट पाहण्यासारखे आहे. इंटरनेटवर माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांतून जाते. अशा प्रत्येक आयपी पॅकेटच्या शीर्षभागात टीटीएल, अर्थात ‘टाइम टू लिव्ह’, नावाचा ८ बिटांचा आकडा असतो. त्यामुळे तो २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही. सुरुवातीचा आकडा पाठवणारा संगणक घालतो : विंडोज सहसा १२८, लिनक्स ६४, तर काही युनिक्स प्रणाली २५५. वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे पॅकेट पुढच्या टप्प्याकडे धाडणारे यंत्र, त्यातून १ वजा करतो, आणि आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. मार्गातील चुकीमुळे पॅकेट दोन राउटरांमध्ये घिरट्या घालू लागले, तर ते कायमचे फिरत राहू नये, एवढाच यामागचा हेतू. पॅकेटने अंदाजे किती राउटर ओलांडले हे या आकड्यावरून कळते. ते कोणत्या इराद्याने आले, हे कळत नाही.

अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने १९९८ आणि १९९९ मध्ये, डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेच्या प्रकल्पात, हवाई दलाच्या तळावरील नेटवर्कची नक्कल उभारून नेहमीची वाहतूक आणि हल्ले यांचे विदासंच (डेटासेट) तयार केले. पुढे अनेक वर्षे घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणाली त्यांवर पारखल्या गेल्या. मॅथ्यू महोनी आणि फिलिप चॅन यांनी २००३ मध्ये त्यांतील १९९९ च्या संचाची छाननी केली, तेव्हा १२६ आणि २५३ हे टीटीएल केवळ हल्ल्यांच्या पॅकेटांत आढळले. नेहमीच्या बहुतेक पॅकेटांत ते १२७ आणि २५४ होते. १२८ मधून १ गेला की १२७, २ गेले की १२६. २५५ चेही तसेच. हल्ले आणि नेहमीची वाहतूक वेगवेगळ्या यंत्रांवरून सोडल्यामुळे हल्ल्याच्या पॅकेटांना एक राउटर जास्त ओलांडावा लागला, असाच या आकड्यांचा अर्थ लागतो. ‘१२६ किंवा २५३ असेल तर हल्ला’ एवढे शिकलेले मॉडेल त्या परीक्षेत उत्तम गुण मिळवील. तेच मॉडेल सोलापुरातल्या एखाद्या पतसंस्थेत बसवले, तर दोन राउटर पलीकडे बसलेल्या रोखपालाचा विंडोज संगणक घुसखोर ठरेल, आणि परदेशातून १४ राउटर ओलांडून ५० या टीटीएलने पोचलेले लिनक्सवरचे खरे आक्रमण निर्धास्त आत जाईल.

खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू वाहण्याची आपल्याकडची रीत निदान निरुपद्रवी आहे, कारण तेवढ्यावर विसंबून कोणी बॅकअप घेणे सोडत नाही. खोक्यावरची ‘एआय’ ही दोन अक्षरे पाहून मात्र सोडणारे भेटतात.

हे सारे जुन्या काळातले आहे, असे म्हणण्याची सोय नाही. सुरक्षाक्षेत्रातील अग्रगण्य परिषदांमधले मशीन लर्निंगवरील ३० शोधनिबंध तपासणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्येक निबंधात पद्धतीचे किमान तीन दोष आढळले. त्याच वर्षी आणखी एका गटाने मॉडेलच्या उत्तरांवरून माणसाला वाचता येईल असा निर्णयवृक्ष, म्हणजे ‘हो की नाही’ अशा प्रश्नांची फांद्याफांद्यांची आकृती, काढण्याची पद्धत मांडली. मॉडेलच्या आत लाखो गुणक असले, तरी अशा वृक्षाच्या वरच्या दोन-तीन फांद्या वाचूनच पुष्कळदा समजते की ते वीण पाहते आहे की सुतळी.

टीटीएलचा रकाना काढून टाकला की काम झाले, असेही नाही. कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१७ च्या विदासंचात सोमवारी केवळ नेहमीची वाहतूक आहे आणि हल्ले मंगळवार ते शुक्रवार. तिथे तारखेचा रकाना राहिला, तर मॉडेल वार पाहूनही शहाणे होते.

त्यामुळे माहितीपत्रक घेऊन आलेल्या विक्रेत्याला, चाचणी कुणाच्या नेटवर्कवर झाली आणि मॉडेल कोणत्या खुणांवर निर्णय घेते, हे अवश्य विचारावे. त्यानंतर उपकरण काही महिने केवळ निरीक्षणावर, म्हणजे काहीही न अडवता, चालवून दिवसाला किती सूचना येतात आणि त्यांतल्या किती खऱ्या निघतात, याची नोंद ठेवावी. या काळात मार्चअखेरची धावपळ आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा हेही दिवस यावेत, कारण शिकताना न पाहिलेली गर्दी मॉडेलला सहज हल्ला वाटू शकते.