एकाच फटक्यात न जाणारी प्रत

27 जून 2017 रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम बाहेर पडला आणि काही तासांत जगभर पसरला. मर्स्क या बड्या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक धडाधड बंद पडले. याच समूहाकडे असलेलं न्हावा शेवाचं एक टर्मिनलही ठप्प झालं. कोणाला कोणत्या यंत्रणेत शिरता येईल याची नोंद ठेवणारे सुमारे 150 सर्व्हर कंपनीकडे होते. सगळ्यांकडे तीच माहिती असायची आणि ती सतत एकमेकांशी जुळवून घेतली जायची. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब होता. नॉटपेट्याने ते सगळेच पुसून टाकले.

वाचला तो एकच, घानामधला. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, त्यामुळे तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता. तिथलं इंटरनेट इतकं हळू की शेकडो जीबी डेटा ब्रिटनला पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि मग ती विमानाने लंडनला पोहोचली. एवढ्या मोठ्या कंपनीचा गाडा त्या एका प्रतीवरून पुन्हा उभा राहिला.

घरातल्या फोटोंचा बॅकअप घेताना आपण पहिल्यांदा विचारतो की डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी, क्लाउड कोणतं बरं. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: मूळ फोटो आणि त्यांची प्रत, दोन्ही एकाच कारणाने जातील का?

यामागचं गणित सोपं आहे. समजा, एखादी डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता 20 मध्ये 1 आहे. मग दोन डिस्क एकाच वर्षात बिघडण्याची शक्यता 400 मध्ये 1 होते आणि तिसरी प्रत ठेवली की 8000 मध्ये 1. थोड्या खर्चात एवढी सुरक्षितता मिळते. मात्र हा गुणाकार दोन्ही बिघाडांचा एकमेकांशी संबंध नसेल तरच लागू पडतो. लॅपटॉप आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच बॅगेत असतील, तर बॅग चोरीला जाण्याची शक्यता एवढाच हिशेब उरतो. जुलै 2021 मध्ये चिपळूणमध्ये घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी टेबलावरचा संगणक आणि कपाटातली डिस्क यांत पाणी फरक करत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली. ज्या ग्राहकांचा डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच ठिकाणी होते, त्यांच्या हाती काहीच राहिलं नाही.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो यांनी लोकप्रिय केलेला 3-2-1 चा नियम याच विचारावर उभा आहे: डेटाच्या 3 प्रती ठेवा, त्या 2 वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असू द्या आणि त्यातली 1 घराबाहेर ठेवा.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मुद्दा. ‘माझे फोटो गूगलवर आहेत, म्हणजे बॅकअप आहे’ असं अनेकजण बिनधास्त सांगतात. ते अर्धंच खरं आहे. बॅकअप चालू असलेल्या फोनवर गूगल फोटोज उघडून एखादा फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. 60 दिवस तो ट्रॅशमध्ये असतो, मग कायमचा पुसला जातो. आयक्लाउडवर ही मुदत साधारण 30 दिवसांची आहे. ‘फोन भरला’ म्हणून कोणी घाईत जुने फोटो उडवले आणि दोन महिन्यांनी लक्षात आलं, तर शोधायला जागाच उरत नाही. याला सिंक म्हणतात. सिंक दोन ठिकाणं सारखी ठेवतं आणि चूकसुद्धा तितक्याच इमानदारीने दुसरीकडे पोहोचवतं. मर्स्कच्या 150 सर्व्हरचं दुखणंही याच जातीचं होतं: सगळे एकमेकांशी जोडलेले होते, म्हणून एकाच फटक्यात गेले. फोन हरवला किंवा फुटला तर सिंक नक्की वाचवतं, म्हणून ते चालू असावंच. पण आपल्याच हातून झालेल्या चुकीपासून वाचायचं, तर मूळ जागी काहीही झालं तरी न बदलणारी एक प्रत वेगळी हवी.

क्लाउडच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. गूगलची फुकट, अमर्याद फोटोंची सोय 1 जून 2021 पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून 15 जीबी मिळतात. जागा भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं आणि सूचना न वाचणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. दुसरं, दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. घरातलं वडीलधारं माणूस गेलं आणि त्यांचा फोन बंद पडून राहिला, तर त्यांनी काढलेले फोटोही मुदत संपल्यावर जाऊ शकतात. अशा खात्यातून सगळं उतरवून घेण्याचं काम घरातल्या कोणीतरी वेळेत करायला हवं.

घरात ठेवायच्या प्रतीसाठी मी साधी, फिरत्या तबकडीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क निवडेन. कारण भौतिकशास्त्रात आहे. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) यांत माहिती साठते ती अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या रूपात. कप्प्यात किती विद्युतभार आहे त्यावरून 0 की 1 हे ठरतं. स्वस्तात जास्त जागा देण्यासाठी आता एकाच कप्प्यात 3 किंवा 4 बिट (असे 0 किंवा 1) कोंबले जातात, म्हणजे भाराच्या 8 किंवा 16 पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. भोवतीच्या इन्सुलेटरमधून इलेक्ट्रॉन हळूहळू निसटत राहतात; उष्णता वाढली की ते आणखी वेगाने निसटतात आणि कप्पा वापरून झिजला असेल तर अधिकच. घरगुती एसएसडीसाठीचं जेडेक या संस्थेचं मानक पाहिलं, तर पूर्ण वापरून झिजलेल्या एसएसडीने 30 अंश तापमानात, वीज न देता, एक वर्ष माहिती टिकवावी एवढीच अपेक्षा आहे. नवी एसएसडी त्याहून पुष्कळ जास्त टिकते, हे खरं. तरीही विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाटात वर्षानुवर्षं पडून राहण्यासाठी हे साधन बनलेलं नाही.

हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय असते आणि विजेविना वर्षानुवर्षं टिकते. तिचा शत्रू धक्का. वाचणारं हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. म्हणून चालू डिस्क हलवायची नाही, ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल ओढायची नाही. आणि काम झालं की ती संगणकाला जोडून ठेवायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फायलींनाही सोडत नाहीत.

नवल वाटावं इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या ‘2 टीबी’च्या पेनड्राइव्हपासून लांबच राहा. त्यातल्या कित्येकांत खरी जागा अगदी थोडी असते. आतली चिप संगणकाला खोटा आकडा सांगते. जागा संपली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा कुठेच लिहिला जात नाही. फायलींची नावं आणि आकार मात्र व्यवस्थित दिसतात, आणि फसगत कळते ती फोटो उघडायला गेल्यावर.

तेव्हा माझी शिफारस अशी: फोनचं सिंक चालू ठेवा. वर्षातून तीन-चार वेळा सगळे फोटो आणि कागदपत्रं एका हार्ड डिस्कवर उतरवा. तशीच दुसरी डिस्क दुसऱ्या गावी, भाऊ-बहीण किंवा विश्वासातल्या मित्राकडे ठेवा आणि दिवाळीला किंवा गणपतीत भेट होईल तेव्हा अदलाबदल करा. बाहेर राहणारी डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय ती कोणाला वाचता येणार नाही. आधार, पॅनच्या प्रती आणि बँकेची कागदं त्यात असतातच. सगळंच क्लाउडवर चढवायचं असेल तर आधी घरच्या कनेक्शनचा अपलोडचा वेग बघा. 10 एमबीपीएस वेगाने 500 जीबी चढायला साडेचार दिवसांहून जास्त वेळ लागतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पाठवलेले फोटो यात धरू नका. सर्वसाधारणपणे ते दाबून लहान केलेले असतात, आणि फोटो कधी, कुठे काढला ही आतली माहितीही गळून गेलेली असते.

एवढं करूनही एक काम उरतं, आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला. कंपनीकडे बॅकअपच्या एक-दोन नव्हे, पाच पद्धती होत्या. रोज होणारा बॅकअप सॉफ्टवेअरच्या चुकीच्या आवृत्तीमुळे होतच नव्हता, आणि ‘बॅकअप फसला’ असं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र गेला. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहून काढलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

म्हणून बॅकअप झाला की लगेच तपासा. डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडा आणि इंटरनेट बंद करा. आठ-दहा वर्षांपूर्वीचं एखादं फोल्डर निवडा आणि त्यातल्या फायलींची संख्या मूळ जागेशी ताडून पाहा. पाच-दहा फोटो पूर्ण मोठे करून बघा, लग्नाबिग्नाचा एखादा लांब व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून बघा. एन्क्रिप्ट केलेली डिस्क असेल तर ती स्वतः न उघडता घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी उघडायला सांगा. त्यांना पासवर्ड सापडला नाही, तर तो कागदावर लिहून घरच्या दागिन्यांच्या आणि विम्याच्या कागदांबरोबर ठेवा, आणि कुठे ठेवला ते त्यांना आजच सांगा.