लिनक्स डेस्कटॉप : नवख्याला कोणता सोपा?

लिनक्स हे नाव मुळात कर्नलचे, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांना जोडणाऱ्या गाभ्याचे. पडद्यावर दिसणारी पट्टी, मेनू, खिडक्या, फाइली उघडणारा प्रोग्राम आणि सेटिंग्ज या संचाला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. विंडोजमध्ये हा संच एकच असतो. लिनक्समध्ये ते अनेक आहेत आणि एकाच उबुंटूवर (लिनक्सचे एक तयार रूप) त्यांतले बहुतेक बसवता येतात. म्हणून ‘लिनक्स अवघड’ ही तक्रार पुष्कळदा खरे तर डेस्कटॉपची असते.

सर्वांत जास्त वाद ग्नोम या डेस्कटॉपवरून झाले. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने एप्रिल २०११ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत, उघड्या खिडक्यांची पट्टी आणि जुना मेनू काढून टाकला. विंडोजवर वर्षे काढलेला माणूस इथे खिडकी खाली सारण्यासाठी कोपऱ्यातले उणे चिन्ह शोधतो, तर तिथे फक्त फुली. फाइल डेस्कटॉपवर ठेवावी, तर ती दिसत नाही. ‘डेस्कटॉप’ नावाच्या फोल्डरात ती असते, पण हे त्याला कोण सांगणार? उबुंटूने ही दोन्ही दुखणी आपल्यापुरती दूर केली आहेत. ज्याचा पहिला संगणक म्हणजे मोबाइलच, त्याला मात्र ॲप्सची जाळी आणि कोपऱ्यातले वाय-फाय ओळखीचे वाटते. त्याचे ग्नोममध्ये फारसे अडत नाही.

या बदलावर रागावलेल्यांतून दोन डेस्कटॉप निघाले. माते हा जुन्या ग्नोमचाच पुढे चालवलेला अवतार. दक्षिण अमेरिकेतल्या पेयावरून त्याचे नाव पडले. लिनक्स मिंट या उबुंटूसारख्याच दुसऱ्या तयार रूपाच्या मंडळींनी सिनॅमन केला. डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, बंद करायचे बटण मेनूतच. विंडोजवरून येणाऱ्याला आधी हाच द्यावा.

केडीई प्लाझ्माही दिसायला तसाच, पण त्यात बदलता येणार नाही असे जवळपास काही नाही, आणि नवख्याची गोची तिथेच होते. पट्टीवर उजवी टिचकी मारून सहज काही करायला जावे, तर पट्टीच गायब. फेब्रुवारी २०२४ मधल्या सहाव्या आवृत्तीपर्यंत मूळ सेटिंगमध्ये फाइल एकाच टिचकीत उघडत असे. निवडायला गेले की उघडलीच!

एक्सएफसीई जुन्या, कमी रॅमच्या यंत्रांसाठी चांगला. त्याच्या खिडकीची कड मात्र बऱ्याच थीममध्ये इतकी बारीक, की ती माउसने पकडणे म्हणजे सुईत दोरा ओवणे. ऑल्ट दाबून उजव्या बटणाने ओढले की खिडकी ताणली जाते. एवढे कळले की निम्मी चिडचिड संपते.

मराठी टंकलेखनातही हा फरक जाणवतो. ग्नोममध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) आणि स्पेस दाबून भाषा बदलते. एक्सएफसीईमध्ये कीबोर्ड जोडूनही कोणती भाषा चालू आहे हे दाखवणारी खूण पट्टीवर बहुधा स्वतःच आणून ठेवावी लागते.