फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर किती वॅटपर्यंत? रिवाइंडिंगला देण्याआधी वाचा

"कोअर ६० वॅटचाच ठेवा, तार जाड टाका आणि १२० करून द्या," अशी मागणी नाशिकच्या सातपूर-अंबडहून सारखी येते. जाड तारेने वॅट वाढत नाहीत, फक्त तांबं थंड राहतं. फ्लायबॅकमध्ये (हा पॉवर सप्लायचा एक प्रकार) मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, चालू असताना ऊर्जा कोअरच्या गॅपमध्ये, म्हणजे फटीत, साठते आणि तो बंद झाला की सेकंडरीत, म्हणजे आउटपुटच्या वाइंडिंगमध्ये, उतरते. एका सायकलला जेवढी साठवता येते, तेवढीच मिळणार.

मग काही जण कोअरमध्ये कागद सारून गॅप वाढवतात. वेळ इथेच वाया जातो. टर्न तेवढेच ठेवून गॅप दुप्पट केला की इंडक्टन्स साधारण निम्मा होतो. त्याच फ्रिक्वेन्सीवर १२० वॅट काढायला पीक करंट दुप्पट लागतो, करंट मोजणारा सेन्स रेझिस्टरही निम्मा करावा लागतो. कोअर सॅच्युरेट होत नाही, म्हणजे चुंबकीय मर्यादेला पोचत नाही, हे खरं. पण लीकेज इंडक्टन्स (ज्यातली ऊर्जा सेकंडरीत पोचत नाही तो भाग) वाइंडिंगच्या मांडणीवर ठरतो, तो हलत नाही. त्यात अडकणारी ऊर्जा मात्र चौपट होते. लीकेज मूळ इंडक्टन्सच्या २ टक्के, रिफ्लेक्टेड व्होल्टेज (सेकंडरीमुळे प्रायमरीवर उमटणारं) १०० आणि क्लॅम्प (व्होल्टेज जिथे अडवलं जातं ती पातळी) २०० व्होल्ट धरला, तर स्नबरमध्ये, म्हणजे ही ऊर्जा जाळणाऱ्या सर्किटमध्ये, आधी सुमारे अडीच वॅट जळत होते, आता साडेनऊ. रेझिस्टरखालची पीसीबी काळी पडते ती यामुळे.

वॅटइतकेच अँपिअरही सांगा. १२ व्होल्ट १० अँपिअरला सेकंडरीचा पीक ४० अँपिअरच्या घरात जातो, आउटपुट कपॅसिटरवर सुमारे १३ अँपिअर रिपल (चढउताराचा करंट) येतो आणि कपॅसिटर फुगतो. तेच १२० वॅट ४८ व्होल्टला घेतले तर पीक १० अँपिअर.

म्हणून आम्ही फ्लायबॅक १०० वॅटपर्यंत घेतो; आउटपुट व्होल्टेज जास्त असेल तर १५० पर्यंत. त्यापुढे टू-स्विच फॉरवर्ड किंवा हाफ-ब्रिज या दुसऱ्या प्रकारची सर्किटं. त्याचे ट्रान्सफॉर्मर आणि चोक आमच्याकडेच होतात. खर्च थोडा जास्त येतो, पण माल परत येत नाही.

आमचा प्रत्येक पीस सँडविच वाइंडिंगचा असतो: अर्धी प्रायमरी, सेकंडरी, उरलेली प्रायमरी. सेकंडरी शॉर्ट करून मोजलेला लीकेज स्टिकरवर लिहून देतो.

जळका ट्रान्सफॉर्मर सुटा आणू नका, पूर्ण बोर्ड आणा. कोअर उचकटू नका. तुटला की मूळ गॅप कळत नाही. शेतातल्या पंप पॅनेलचा असेल तर तिथे व्होल्टेज कमीत कमी किती उतरतं, ते मोजून सांगा.