येशूच्या वंशावळीतील परराष्ट्रीय स्त्रिया

बायबलच्या नव्या करारातील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या आरंभी (१:१–१७) येशू ख्रिस्ताची वंशावळी दिली आहे. तीत मरीयेखेरीज चार स्त्रिया येतात : तामार, राहाब, रूथ आणि ‘उरीयाची बायको’ म्हणजे बथशेबा. इस्राएलाबाहेरील लोकही देवाच्या दयेचे वाटेकरी आहेत, या विचाराचा आधार पुष्कळदा या नावांत शोधला जातो. ग्रंथाचा काळ बहुधा इ. स. ८०–९० मानतात, काही अभ्यासक तो ७० च्या मागे नेतात.

वंशावळी अब्राहामापासून चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत मांडली आहे. हा आकडा साधावा म्हणून योराम व उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे राजे गाळलेले दिसतात. तिसऱ्या गटात यखन्याला पुन्हा मोजल्याशिवाय चौदा भरत नाहीत. दावीद या नावातील इब्री अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज (४+६+४) चौदा होते, हे त्याचे कारण असावे. पेरेसापासून दावीदापर्यंतची नावे रूथच्या पुस्तकाच्या शेवटी आहेत तीच आहेत.

चौघींची निवड का, यावर मतभेद आहेत. त्या पापी होत्या, असे प्राचीन बायबल-भाष्यकार जेरोमचे मत. रूथला ते लागू पडत नाही. त्या परकीय होत्या, हे मत जर्मन धर्मसुधारक लूथरने मांडले. बायबलचे अभ्यासक रेमंड ब्राउन यांनी (१९७७) चौघींच्या वैवाहिक संबंधांतील अनपेक्षितपणावर भर दिला. मरीयेची गोष्टही त्यात बसते.

परकीयत्वाचा पुरावा सर्वांबाबत सारखा नाही. राहाब यरीहोची कनानी. तिचा सल्मोनाशी विवाह जुन्या करारात कोठेही नाही. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात तर ती यहोशवाची पत्नी आहे. शिवाय मिसरातून सुटका ते शलमोनाच्या मंदिराची उभारणी हा राजांच्या पुस्तकातील ४८० वर्षांचा हिशेब धरला, तर तिच्यापासून दावीदाच्या जन्मापर्यंत साडेतीन शतकांहून अधिक काळ जातो आणि मधे पिढ्या तीनच, म्हणजे बवाज, ओबेद व इशाय. रूथ मवाबी. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाप्रमाणे (२३:३) मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाने ही बंदी पुरुषांपुरतीच आहे, स्त्रियांना तत्काळ मोकळीक आहे, असा निर्वाळा दिला. तामारेचे कूळ उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितलेले नाही. योबेलांचा ग्रंथ या प्राचीन यहुदी ग्रंथात ती अरामाच्या वंशातील आहे, तर यहुदी तत्त्वज्ञ फिलो तिला सिरियाची म्हणतो. बथशेबा एलीयामाची मुलगी. तिच्या परकीयत्वाला स्वतंत्र आधार नाही, हित्ती होता तो तिचा नवरा. तरी मत्तय तिचे नाव टाळून उरीयाचे घेतो, यावरून परकीयत्वाचा धागा त्याच्या मनात असावा असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वंशावळीत स्त्री येणे हे मात्र नवे नाही. १ इतिहास २:४ मध्येही तामार आहे.

पुढे याच ग्रंथात पूर्वेकडील मागी (ज्ञानी लोक), रोमी शताधिपती आणि कनानी स्त्री येतात. या स्त्रीला मार्कने हेल्लेणी (ग्रीक) म्हटले आहे. परराष्ट्रीयांकडे जाऊ नका, ही शिष्यांना दिलेली आज्ञाही (१०:५) इथलीच. ती शेवटी २८:१९ मध्ये मागे पडते.

लूकची वंशावळी (३:२३–३८) उलट्या क्रमाने आदामापर्यंत जाते. तीत स्त्री नाही. दावीदानंतर ती शलमोनाऐवजी नाथानाकडे वळते. योसेफाचा पिता मत्तयात याकोब, तर लूकमध्ये एली. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक ज्यूलियस आफ्रिकेनसने दीरविवाहाच्या (निपुत्रिक मृत भावाच्या विधवेशी विवाहाच्या) आधारे हा मेळ घातला. लूकची यादी मरीयेच्या वंशाची, हे मत पंधराव्या शतकानंतर रूढ झाले.

पौलाने रोमकरांस पत्रात (१५:९–१२) परराष्ट्रीयांवरील दयेसाठी यशयातील ‘इशायाचे मूळ’ हे वचन घेतले आहे. हा इशाय रूथचा नातू; पौलाने मात्र तिचा उल्लेख केलेला नाही.