खांब ते मीटर: सर्व्हिस वायर विकत घेण्याआधी

नवीन जोडणी असो, पडवी वाढवल्यामुळे मीटर हलवायचा असो किंवा जुनी वायर बदलायची असो, मालवण-कुडाळ भागातले ग्राहक आम्हा वायरिंगवाल्यांना पहिल्यांदा एकच विचारतात: "वायर किती मीटर आणू?" बरेचजण मात्र न विचारताच वायर आणून ठेवतात आणि काम तिथेच अडते.

अंतर पावलांनी मोजले जाते. खांब ते भिंत 30 मीटर भरले की 30 मीटरच वायर येते. पण वायर खांबाच्या माथ्यापासून घरावरच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपच्या टोकापर्यंत थोडा झोल घेऊन येते आणि तिथून मीटरच्या पेटीपर्यंत खाली उतरते. कौलारू घरात हा उतारच तीन-साडेतीन मीटरचा असतो, माडीच्या घरात त्याच्या दुप्पट. खांबावर जोडायला थोडी वायर लागते. पाइपच्या तोंडाशी खाली लोंबणारे एक वळणही ठेवावे लागते, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच गळून जाते, पाइपातून मीटरमध्ये शिरत नाही. हे सगळे धरले की 30 मीटरच्या अंतराला 36 ते 38 मीटर वायर लागते.

वायर कमी पडली की "मध्ये एक जॉइंट मारा" असा आग्रह होतो. तो आम्ही मान्य करत नाही. ही वायर अॅल्युमिनियमची असते. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि त्यातून वीज नीट जात नाही. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जॉइंट वाऱ्याने हलत राहतो, खाऱ्या हवेत खराब होतो, तापतो. त्याला तांब्याची वायर जोडली असेल तर तो आणखी लवकर जातो. थ्री फेजच्या घरात न्यूट्रलचा, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरीचा, असा जॉइंट सुटला तर 230 व्होल्टच्या उपकरणांवर 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. फ्रिज, टीव्ही, पंप एकदम जळतात. म्हणून वायर अखंडच हवी. कमी पडली तर लाइनमनची वेळ वाया जाते, पुन्हा नवी तारीख घ्यावी लागते आणि कापून आणलेली वायर दुकानदार परत घेत नाही.

आम्ही जादा वायर खपवतो, असे काहींना वाटते. म्हणूनच मोजमाप आम्ही विनामूल्य करतो आणि आमच्याकडून घेतलेल्या वायरीचा उरलेला अखंड तुकडा मीटरच्या हिशोबाने परत घेतो.

जाडीचेही तसेच. आपल्याकडे वाड्या पसरलेल्या, खांब लांब. गीझर आणि विहिरीचा पंप एकदम चालले की साधारण 20 अँपिअर करंट जातो. 40 मीटर लांब, 4 स्क्वेअर एमएमच्या अ‍ॅल्युमिनियम वायरीत तेवढ्या करंटला सुमारे 12 व्होल्ट वाटेतच जातात, 10 स्क्वेअर एमएममध्ये सुमारे 5. संध्याकाळी पंप उचलत नाही, त्यामागे पुष्कळदा बारीक वायर असते. आयएसआय मार्क पाहूनच घ्या.

वायरीचा भार खांब ते घर ताणलेल्या जीआयच्या बेअरर तारेवर असतो, तो माडावर टाकू नका. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात माड वायरींवर पडलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. बेअरर तारेवर कपडेही वाळत घालू नका. वायरीजवळच्या झावळ्या स्वतः काढू नका, ओल्या बांबूने तर नाहीच. आधी 1912 वर किंवा जवळच्या महावितरण कार्यालयात सांगून लाइन बंद करून घ्या.

खांबावर आम्ही चढत नाही, कितीही घाई असली तरी. ती जोडणी महावितरणचा लाइनमनच करतो. पाइप, बेअरर, रील इन्सुलेटर, अर्थिंग, घरातले फिटिंग आणि परवानाधारक म्हणून टेस्ट रिपोर्ट हे आमचे काम. लाइनमन येण्याआधी ते पूर्ण असेल तर जोडणी एकाच फेरीत होते.

मोजमापासाठी फोन करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर खांबाचा आणि मीटर बसवायच्या भिंतीचा फोटो पाठवा. जुनी जोडणी असेल तर बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांकही कळवा. मृगाच्या आधी गर्दी असते, तेव्हा शक्यतो एप्रिलमध्येच सांगा.